वाचकांचे प्रश्न : ओपनएलडॅप २.४ वरून २.५ वर जाताना

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या कार्यालयात उबुंटू लिनक्स २०.०४ वर ओपनएलडॅप २.४ (युजरची खाती वगैरे नोंदी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर) आहे. चाचणीच्या मशीनवर उबुंटू २२.०४ टाकून जुना डेटा तसाच कॉपी केला, पण स्लॅपडी (ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्राम) सुरूच होत नाही. डेटा गेला का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही, घाबरू नका. तुमचा डेटाबेस बहुधा एचडीबी या, डेटा साठवण्याच्या जुन्या प्रकारचा असावा. २.५ मधून एचडीबी आणि त्यासारखाच बीडीबी, दोन्ही प्रकार काढून टाकले आहेत. आता त्यांच्या जागी एमडीबी हा प्रकार वापरायचा. त्यामुळे फाइली कॉपी करून भागत नाही.

जुन्या सर्व्हरवर स्लॅपडी थांबवा आणि 'स्लॅपकॅट' या कमांडने दोन एलडीआयएफ फाइली (नोंदींच्या साध्या मजकुराच्या फाइली) काढा: क्रमांक ० म्हणजे कॉन्फिगरेशन, १ म्हणजे बहुतेक ठिकाणी डेटा. लांब ओळी तुटू नयेत म्हणून त्या कमांडचा 'एलडीआयएफ-रॅप' हा पर्याय 'नो' ठेवा, नाहीतर शोधून बदलताना हमखास काहीतरी सुटते. कॉन्फिगरेशनमध्ये मॉड्यूल, डेटाबेसचे नाव आणि ऑब्जेक्टक्लास, तिन्हीकडे एचडीबीचे एमडीबी करा. कॅश व 'डीबीकॉन्फिग'च्या ओळी उडवा. पीपॉलिसी (पासवर्डचे नियम लावणारे मॉड्यूल) वापरत असाल तर तिचा स्कीमाही (नोंदींच्या रचनेची व्याख्या) कॉन्फिगरेशनमधून काढा. २.५ मध्ये तो मॉड्यूलमध्येच असतो.

डेटाबेसचा कमाल आकार ठरवायला मात्र विसरू नका. एमडीबीची मूळ मर्यादा जेमतेम १० एमबी आहे. ती भरली की नवी नोंद होत नाही. सरळ १ जीबी द्या.

मग नव्या मशीनवर रिकाम्या फोल्डरांत 'स्लॅपअॅड' या कमांडने आधी ०, नंतर १ क्रमांकाची फाइल भरा. हे रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून केले तर फाइलींची मालकी 'ओपनएलडॅप' या युजरकडे द्यायलाच हवी, नाहीतर स्लॅपडी पुन्हा अडेल.