पाडण्याआधी एकदा पाऊस बघा

प्रश्न : आमच्या गावातली जुनी दगडी शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. भिंतींना खालून ओल येते, गिलावा सुटतो, दगडाचे पापुद्रे पडतात, एका कोपऱ्यात तडाही गेलाय. ठेकेदार म्हणतो, 'सिमेंटचा गिलावा मारून घ्या, नाहीतर पाडा आणि सभागृह बांधा.' गावात दोन तट पडलेत. आम्ही काय करावं?

उत्तर : सिमेंटही नको आणि पाडापाडीही नको, निदान एक जोराचा पाऊस बघेपर्यंत तरी नको. पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन इमारतीला फेरी मारा. पन्हळ कुठे तुंबलीय, कौल कुठे सरकलंय, छपराचं पाणी भिंतीच्या पायाशीच मुरतंय का, हे कोरड्या दिवशी कितीही जाणकार माणूस आणलात तरी इतकं स्पष्ट दिसत नाही. आणि बाहेरच्या जमिनीची पातळी हमखास तपासा. रस्ता नवा होतो, अंगणात भर पडत जाते आणि होता होता बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या वर जाते. मग भिंत कायम ओल्या मातीत उभी. ओलीच्या कितीतरी तक्रारींवरचा उपाय मी फावड्यात पाहिलाय : भिंतीलगतची भर काढायची, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, पन्हळ साफ करायची. विल्यम मॉरिस हा इंग्रज कवी-कारागीर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा जाहीरनाम्यात त्यांनीही हेच मांडलं होतं. रोजची देखभाल करा, गळकं छप्पर सांधा, धोक्यातल्या भिंतीला टेकू द्या.

आता सिमेंट. ठेकेदाराचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, रोज जे वापरतो तेच तो सुचवतोय. पण तुमची भिंत बहुधा चुन्यात बांधलेली आहे. खात्री करायची तर सांध्यातला मसाला किल्लीने खरवडा. सहज भुगा होऊन पडला आणि त्यात पांढऱ्या कण्या दिसल्या, तर चुनाच समजा. चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तोच चुना भिजवून भिंतीत बसवला की हवेतून तो वायू परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा घट्ट होतो. तरीही तो दगडापेक्षा मऊच राहतो, आणि तसाच हवा. भिंतीतली ओल आणि क्षार सांध्यातून बाहेर पडतात, झीज सांधा सोसतो, आणि सांधा पुन्हा भरता येतो. दगड पुन्हा आणता येत नाही.

सिमेंटने ही वाट बंद केली की पाणी दगडातून बाहेर यायला बघतं. पृष्ठभागाच्या जरा आत क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात, आणि दगडाची साल सुटते. सिमेंटने सांधे भरलेली एखादी जुनी भिंत जवळून बघा : सिमेंटच्या रेघा पुढे तशाच शाबूत आणि मधला दगड झिजून बोटभर आत गेलेला. तुमच्याकडचे पापुद्रे अशाच एखाद्या जुन्या डागडुजीच्या आसपास आहेत का, तेही पाहून घ्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल आणि काम सावकाश होईल, हे खरं आहे. ओला चुना कडक उन्हात पटकन सुकू देता येत नाही, थंडीत गोठूही देता येत नाही. तेवढी सवड ठेवूनच कामाला हात घाला.

कोपऱ्यातला तडा बुजवायची घाई करू नका. बुजवला तर तो वाढतोय की थांबलाय हे कळणारच नाही. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं भिंतीला पक्की चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर भिंत हलतेय. मग स्थापत्य अभियंत्याला लगेच बोलवा आणि तोवर त्या बाजूला कुणाला जाऊ देऊ नका. सगळे ऋतू उलटूनही काच अखंड राहिली, तर तो तडा बहुधा जुना, निवांत बसलेला आहे.

राहिलं सभागृह. शाळेच्या इमारतीत खोल्या असतात. सभागृहासाठी मधल्या भिंती काढाव्या लागतील, आणि छपराचा भार बहुतेक त्यांच्यावरच असेल. वास्तूजतनाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत याबद्दल सरळ सांगितलंय : समाजाच्या उपयोगी पडली तर वास्तू टिकायला मदत होते, पण त्या उपयोगासाठी तिची रचना बदलू नये. वाचनालय, दवाखान्याची खोली, सुताराची कार्यशाळा, अभ्यासिका, जे त्या खोल्यांत बसेल ते आणा. मोठं सभागृह हवंच असेल तर ते शेजारी नवं बांधा. कुलूप लावून 'जपलेली' इमारत मात्र मला नको वाटते. आत रोज माणूस असला की गळती पहिल्याच दिवशी लक्षात येते.

प्रश्न : गावातल्या वयस्कर माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या आहेत. पण एकाच प्रसंगाबद्दल तिघं तीन गोष्टी सांगतात. खरी कोणती धरायची?

उत्तर : तिन्ही ठेवा, ज्याच्या त्याच्या नावाने आणि तारखेने. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली एका निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या कामगारांना बोलतं केलं, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३मधल्या पोलाद कारखान्यातल्या कामगारकपातीच्या संघर्षात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लीने ती चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. लोकांना कोणता घाव जास्त खोल लागला होता, ते त्याला त्या चुकीतच सापडलं. तुमच्या तीन गोष्टींकडेही तसंच बघा. तारखा जुन्या कागदांवरून पडताळा, पण बोललेलं खोडू नका.

विचारताना 'गावाचा इतिहास सांगा' असं विचारलंत तर ऐकीव मजकूर मिळेल. त्यापेक्षा त्यांना त्या इमारतीतच घेऊन जा, किंवा एखादा जुना फोटो हातात द्या. तुम्ही कुठे बसायचात? पाणी कोण भरायचं? कुठल्या दारातून कुणाला आत येता यायचं? या शेवटच्या प्रश्नाला काही जण गप्प होतील. थांबा, पुढचा प्रश्न रेटू नका. आणि ज्यांनी भिंती बांधल्या, ज्यांनी खोल्या झाडल्या, त्यांच्या घरीही जा. पुढाऱ्यांच्या आठवणी कुठे ना कुठे छापून आलेल्या असतात, यांच्या आलेल्या नसतात. कोणता भाग सगळ्यांना ऐकवायचा आणि कोणता नाही, ते त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या.

फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. एकाच कुणाच्या फोनमध्ये सगळं असेल, तर फोन गेला की सगळं गेलं.

प्रश्न : गावात आता बाहेरून राहायला आलेली कुटुंबं बरीच आहेत. त्यांना जुन्या गोष्टींत कसं ओढायचं?

उत्तर : भाषणं देऊन नाही. आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने शहराच्या मातीच्या मशिदीला दर वर्षी नवा लेप लागतो, आणि त्या कामात सगळं शहर उतरतं. जपानच्या शिराकावा-गो खोऱ्यात गवताची प्रचंड छपरं गावकरी एकमेकांच्या मदतीने शाकारत आले. तिथल्या ओगिमाची गावाने १९७१ साली आपणहून ठरवलं की घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, मोडायची नाहीत. १९९५मध्ये ते गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. यादीच्या किती आधी गाव कामाला लागलं होतं, ते बघा.

तुमच्या नव्या शेजाऱ्यांनाही असंच हाताला काम द्या. त्यांच्यातल्या काहींनी जुनी घरं विकत घेतली असतील. त्या घरांबरोबर जुनी खरेदीखतं, नकाशे, माळ्यावरच्या पेट्या त्यांच्याकडे आल्या असतील, आणि त्यातलं काय मोलाचं आहे हे त्यांना सांगायला कुणी गेलेलं नसेल. शेतांची मोडीत निघालेली नावं, बुजलेल्या विहिरी, वळवलेल्या वाटा अशा कागदांत सापडतात. घर साफ करताना तो गठ्ठा रद्दीत जाण्याआधी त्यांच्या दारी जा, कागदांचे फोटो घेऊ का म्हणून विचारा, आणि त्यातली नावं वाचून दाखवायला गावातल्या एखाद्या आजोबांना बरोबर न्या.