नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पन्नास मीटर रायफल प्रकारात वारा बदलला की माझे गुण घसरतात. प्रत्येक वेळी साइट (रायफलीवरील नेम धरण्याचे साधन) फिरवावी का?

उत्तर : प्रत्येक वेळी नको. आपल्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे मंद आडवा वाराही गोळी त्याबाहेर नेऊ शकतो. मात्र समोरून किंवा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा परिणाम फारच कमी असतो आणि पंचेचाळीस अंशांतून येणारा वारा आडव्या वाऱ्याच्या सुमारे सत्तर टक्के ढकलतो. नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) उजव्या पिळाचे असतील, तर उजवीकडचा वारा गोळीला डावीकडे व किंचित वर, तर डावीकडचा वारा उजवीकडे व किंचित खाली नेतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

सरावाच्या गोळ्यांतच वारंवार परतणारी एक स्थिती हेरून साइट तिच्यासाठी लावावी, आणि दहा व तीस मीटरवरील वाऱ्याची दिशा दाखवणारे झेंडे तसेच दिसतील तेव्हाच चाप ओढावा. बदललेली स्थिती टिकून राहिली, तरच साइट फिरवावी. घड्याळाकडे लक्ष असू द्यावे. अति वाट पाहणारे नेमबाज शेवटी घाईतच गुण गमावतात.