दरवर्षी किती स्थलांतरितांना घ्यायचं, हे सरकार कसं ठरवतं?

लोकसंख्या किती वाढवायची हे ठरवून सरकार त्या हिशेबाने व्हिसा देतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हिशेब असतो, पण अंतिम आकडा घासाघिशीतूनच निघतो.

हिशेबाचा भाग सोपा. जन्मदर दर स्त्रीमागे साधारण 2.1 मुलांच्या खाली राहिला, की स्थलांतराविना लोकसंख्या कधी ना कधी घटू लागते. त्याआधीच कमावणारे कमी आणि पेन्शनवाले जास्त होतात. बाहेरून तरुण आणले तर हा वेग मंदावतो, थांबत मात्र नाही. तेही म्हातारे होतातच!

घासाघीस बघायची तर कॅनडा बघा. तिथे स्थलांतर मंत्र्याला दरवर्षी संसदेत पुढच्या वर्षाचा आराखडा मांडावाच लागतो, तसा कायदाच आहे. कुशल कामगार किती, कुटुंबीय किती, निर्वासित किती, असे वाटे पडतात. उद्योगांना माणसं हवी असतात, प्रांतांना आपला वाटा; क्युबेक तर 1991 च्या करारानुसार आपले कुशल स्थलांतरित स्वतः निवडतो. 2025 साठी 5 लाखांचं उद्दिष्ट जाहीर झालं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ते 3 लाख 95 हजारांवर आणलं. तेवढ्यात जन्मदर काही सुधारला नव्हता. घरभाडी भडकली होती आणि मतदार चिडले होते.

खरी गोची तात्पुरत्या व्हिसांची. ऑस्ट्रेलियाने 2024-25 साठी कायमस्वरूपी स्थलांतराची मर्यादा 1 लाख 85 हजार ठेवली. पण लोकसंख्या वाढते ती निव्वळ स्थलांतराने, म्हणजे आलेले वजा गेलेले, आणि त्यात विद्यार्थी व तात्पुरते कामगारही धरतात. हा आकडा ठरवला जात नाही, त्याचा फक्त अंदाज बांधतात. कोविडनंतर सीमा उघडल्या, विद्यार्थी एकदम आले, परत जाणारे थोडेच होते. 2022-23 मध्ये तो 5 लाखांच्या वर गेला. ब्रिटनमध्ये 2010 मध्ये पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरून यांनी हाच आकडा एक लाखाच्या आत आणायचं वचन त्याच वर्षी दिलं. ते कधीच पाळता आलं नाही; एक कारण म्हणजे युरोपीय संघाच्या नागरिकांना तेव्हा व्हिसाच लागत नव्हता.

म्हणून एखाद्या देशाचा इरादा समजून घ्यायचा असेल, तर मी जाहीर उद्दिष्टाआधी विद्यार्थी व्हिसाचे नियम वाचतो. कॅनडानेही जानेवारी 2024 मध्ये कात्री आधी तिथेच लावली.