कूलर माळ्यावरून उतरण्याआधी कॅज्युअल्टीत जाऊन या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या तुमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, नागरिक मंडळाला येत्या २७ मे रोजी, आपत्कालीन वैद्यक दिनाला, आरोग्य जनजागृतीचा कार्यक्रम घ्यायचा आहे. दोन इमर्जन्सी डॉक्टर यायला तयार आहेत. रॅली, बॅनर, भाषण आणि बीपी-शुगर तपासणी एवढं ठरलंय, आणि यात आणखी काय घ्यावं असं तुम्ही विचारलंत. मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, २९ वर्षं परिचारिका होते. निवृत्त झाल्यापासून मंडळं, शाळा, बाजार, जिथे बोलावतील तिथे असेच कार्यक्रम करते. त्या अनुभवावरून सांगते: आणखी काही घालू नका, आहे त्यातलंही निम्मं काढा. आणि तारीख बदला.

तारखेचं आधी. २७ मे हा दिवस युरोपातल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनं सुरू केलेला आहे. त्यांच्याकडे मे महिना सुखाचा असतो. आपल्याकडे २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्या दिवसांत शाळेच्या पोरांना अकरा वाजता रॅलीत चालवणं हाच एक धोका आहे. मी स्वतः अशा एका रॅलीसोबत चालले आहे. उष्माघातापासून वाचा अशी पाटी हातात घेतलेली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा आमच्यातल्या कुणाकडेच पाणी नव्हतं. ती पाच मिनिटांत सावरली, पण तिच्या आईसमोर उभं राहताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

दुसरं म्हणजे, २७ मेपर्यंत उन्हाळ्याचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. आपल्याकडे कूलर होळीच्या आसपास माळ्यावरून उतरतात. शिकवायचं ते तेव्हा शिकवायचं.

आता डॉक्टरांचं. इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र शाखा म्हणून आपल्या देशात २००९ साली मान्य झाली. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे सीएमओ (ड्युटीवरचे वैद्यकीय अधिकारी), इंटर्न (शिकाऊ डॉक्टर) आणि आम्ही सिस्टर. त्यामुळे या डॉक्टरांना बोलावायचं तर नेमकं कशासाठी, हे अजून लोकांच्या नीट लक्षात आलेलं नाही. बीपी-शुगरवर तुमचे फॅमिली डॉक्टर छान बोलतील. इमर्जन्सीवाल्यांना जे ठाऊक असतं ते दुसऱ्या कुणालाच नसतं. रुग्ण दारात येण्याआधीच्या तासाभरात काय घडलं, ते त्यांना कळतं. किती वाजता पडला, कुणी काय पाजलं, कुणी काय बांधलं, आधी कोणत्या दवाखान्यात सलाइन लावून बसले, गाडी मिळायला किती वेळ गेला. रुग्णाला ट्रॉलीवर घेता घेता आम्ही हेच विचारत असतो. त्या उत्तरांतच तुमची मोहीम आहे. म्हणून डॉक्टरांना भाषणाचं आमंत्रण देण्याआधी दोघी-तिघी जणी जाऊन त्यांना एवढंच विचारा: "डॉक्टर, कोणती गोष्ट घरच्यांना दहा मिनिटं आधी कळली असती, तर तुमचं काम सोपं झालं असतं?" रुग्णांची नावं, कागदपत्रं काही मागू नका, ती मिळणारही नाहीत आणि मिळूही नयेत.

मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा समोरचे डॉक्टर तरुण होते, रात्रपाळी करून आलेले. ते म्हणाले, "सिस्टर, उष्माघाताचा माणूस आमच्याकडे चादरीत गुंडाळून येतो." मी अशी माणसं कितीतरी पाहिली होती, तरी हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. घरच्यांना वाटतं ताप चढलाय. अंग भाजतंय, माणूस बरळतोय, म्हणून पॅरासिटामॉल देतात, अंगावर पांघरूण घालतात आणि गाडी शोधत बसतात. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण तो ताप जंतूंमुळे आलेला नसतो. शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्थाच कोलमडलेली असते. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत भान हरपलेलं, बोलणं विसंगत, चाल लटपटती, असं दिसलं की आधी थंड करायचं आणि मग न्यायचं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, त्यावर पंख्याचा वारा सोडा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्धीवर नसलेल्या माणसाला तोंडानं काही देऊ नका, पाणी फुप्फुसात जातं. हे शेवटचं वाक्य लोकांना सर्वांत जड जातं. "पाणी तं पाजलं ना आम्ही!" असं रडत सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी प्रेमानंच पाजलेलं असतं.

आणखी एक समजूत: घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. म्हाताऱ्या माणसाची त्वचा बहुतेकदा कोरडी पडते हे खरं, पण उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाला घामाच्या धारा असतानाही उष्माघात होतो. कळमन्याच्या बाजारात आम्ही हमालांसमोर बोललो तेव्हा हाच मुद्दा सर्वांत जास्त विचारला गेला. तिथे बॅनर लावला नाही. सकाळी गाड्या उतरवून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी दहा-बारा जणांचा घोळका करून बोललो, आणि एकाला खाली झोपवून त्याच्या अंगावर खरोखर बादली ओतली. लोक हसले, पण बर्फ कुठे ठेवायचा हे त्यांच्या लक्षात राहिलं. खिशातल्या कांद्याबद्दल कुणी विचारलं तर त्याची थट्टा करू नका. कांद्यानं काही बिघडत नाही, फक्त त्याच्या भरवशावर थांबू नये. पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी शुद्धीवर असलेल्या माणसाला उत्तमच.

आकड्यांपासून मात्र सांभाळा. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि तो आकडा सगळीकडे फिरला. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपल्याकडचा खरा मोठा आकडा मे २०१३ मधला ४७.९ आहे. पण कॅज्युअल्टी भरायला विक्रमी दिवस लागत नाही. ४४ अंशांचे चार दिवस एकापाठोपाठ आले आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, की पत्र्याच्या खोलीतली म्हातारी माणसं येऊ लागतात. अहमदाबादनं २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर धडा घेऊन २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन केला, आणि मग आपल्या महापालिकेनंही केला. तुमच्या ले-आउटमध्ये त्याला जोड द्यायची तर एकटी राहणारी म्हातारी माणसं कुठल्या घरात आहेत याची यादी करा आणि दुपारी चार वाजता त्यांना एक फोन करायची जबाबदारी वाटून घ्या. माझ्या मते हे शंभर पत्रकांपेक्षा मोलाचं आहे.

आता कूलर. यावर कुणी मोहीमच काढत नाही याचं मला फार वाईट वाटतं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि त्यांत बायका आणि लेकरं असतात, कारण पाणी तेच भरतात. पत्र्याची बॉडी, टाकीत बुडालेला पंप, गेल्या वर्षीची तडकलेली वायर, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. पाणी किती झालं पाहायला चालू कूलरच्या टाकीत हात घालतात. शिकवायचं ते दोन मिनिटांचं आहे: बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाणी. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसायची नाही. पायात रबरी चप्पल. पण खरा उपाय मीटरच्या पेटीत आहे. घरात एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे असं बहुतेकांना वाटतं. एमसीबी वायर आणि उपकरणं जळू नयेत म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडतो तो आरसीसीबी, ज्याला आपले इलेक्ट्रिशियन ईएलसीबीच म्हणतात. तो ३० मिलिअँपिअरचा हवा. आम्ही एका वस्तीत डॉक्टरांसोबत इलेक्ट्रिशियनलाही बोलावलं होतं. डॉक्टरांनी शॉक लागलेल्या माणसाचं हृदय कसं थरथरून थांबतं ते सांगितलं, आणि लगेच इलेक्ट्रिशियननं घरोघरी जाऊन कूलरच्या वायरी तपासल्या. डॉक्टर पाच मिनिटं बोलले, इलेक्ट्रिशियनचे दोन तास गेले. वेळेची अशीच विभागणी ठेवा.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद करायचा. तो बोलत-चालत असला तरी ईसीजीसाठी रुग्णालयात न्यायचं. श्वास नसेल तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं.

सीपीआरचं प्रात्यक्षिक तुम्ही ठेवणारच असाल, कारण आजकाल सगळेच ठेवतात. त्यात चूक एकच होते. दोनशे लोक खुर्च्यांवर, एक डॉक्टर स्टेजवर, एक बाहुला, दहा मिनिटं, टाळ्या. बघून सीपीआर येत नाही. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते, आणि तेव्हा हात उचलतो तो ज्यानं आधी कधी दाबून पाहिलंय तोच. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतकं दाबावं लागतं. ते किती जोराचं आहे हे बाहुल्यावर स्वतः दोन मिनिटं दाबल्याशिवाय कळत नाही. दम लागतो, मनगटं दुखतात, मग कळतं की दोघांनी आलटून-पालटून करायला हवं. दहा जणांमागे एक बाहुला मिळत असेल तरच करा, आणि तीसच जणांना शिकवा. वॉचमन, शिकवणीवाल्या ताई, जिममधला मुलगा, रोज पहाटे मैदानावर चालणारे काका, यांना आधी घ्या.

कार्डिफमधली एक गोष्ट मला नेहमी आठवते. ब्रिटनमधल्या त्या शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या लक्षात आलं, की मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी कित्येकांची पोलिसांत नोंदच नसते. मग इमर्जन्सीच्या काउंटरवरच विचारायला सुरुवात झाली: कुठे झालं, केव्हा झालं, कशानं लागलं. नाव वगळून ही माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला जाऊ लागली, आणि कोणत्या गल्लीत, कोणत्या वेळी लक्ष घालायचं ते कळलं. आपल्याकडे संक्रांतीच्या मांज्याला हे तंतोतंत लागू पडतं. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही स्वतःहून दखल घेतली, तरी जानेवारीत दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे चिरले जातात. कोणत्या उड्डाणपुलावर, कोणत्या चौकात, हे त्या आठवड्यात ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना विचारा आणि त्याच जागी उभं राहून बोला. तिथे सांगायचं एवढंच: गळ्याला दुपट्टा गुंडाळा, आणि कापलंच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, बघायला उचलू नका.

१०८ बद्दल एक. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतात, पण गाडी पोचेपर्यंतचा वेळ आपल्या पत्त्यांमुळे वाढतो. आपल्या ले-आउटमध्ये प्लॉट नंबर ४२ च्या शेजारी १७ असतो, आणि एकाच नावाचे दोन ले-आउट असतात. घाबरलेला माणूस "हनुमान मंदिराजवळ" म्हणतो, आणि अशी मंदिरं किती आहेत हे तुम्हीच मोजा. प्रत्येक घरात दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी लावून घ्या: ले-आउटचं पूर्ण नाव, मोठ्या रस्त्यावरून कुठे वळायचं, जवळची ठळक खूण. आणि एकाला कोपऱ्यावर उभं करायचं ठरवून ठेवा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला लोक पोलिसांना भितात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, त्यानुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटतं.

साप-विंचवाचं जूनच्या आधी वेगळं करा, एका दिवसात कोंबू नका.

आता तुमच्या २७ मेचं. तो दिवस सोडू नका, फक्त दिशा उलटी करा. त्या दिवशी डॉक्टरांना ले-आउटमध्ये बोलावण्याऐवजी तुम्हीच चार-पाच जणी मठ्ठ्याचं भांडं घेऊन कॅज्युअल्टीत जा. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईवाल्या मावशी, सगळ्यांना द्या, आणि यंदाच्या उन्हाळ्यात काय काय आलं ते विचारून वहीत लिहून आणा. पुढच्या वर्षीचा विषय तिथेच मिळेल. यंदासाठी होळीच्या आधीचा रविवार धरा, संध्याकाळी साडेसहाची वेळ, आणि विषय एकच, कूलर. डॉक्टरांची ड्युटी विचारूनच वेळ पक्की करा, आणि त्यातले एक ऐन वेळी आले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका, त्या वेळी ते कुणाच्या तरी छातीवर दाब देत असतील. इलेक्ट्रिशियन मात्र दोन सांगून ठेवा, होळीच्या आसपास ते हाताला लागत नाहीत.