टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' का रुचत नाही?

तुमचा प्रश्न असा की टॉक टॉक या ब्रिटिश बँडचं 'इट्स माय लाइफ' हे गाणं तोंडपाठ आहे, पण त्याच बँडचा 'स्पिरिट ऑफ ईडन' हा अल्बम (१९८८) लावला की पहिली वीस मिनिटं काही घडतच नाही. हे असे अचानक कसे बदलले?

अचानक नाही बदलले. तुम्ही मधला 'द कलर ऑफ स्प्रिंग' (१९८६) गाळलाय. त्यात सिंथेसायझर मागे पडून पियानो आणि ऑर्गन पुढे आले आहेत. त्यातलं 'कमीलियन डे' ऐका, ड्रम नाहीतच. पुढचा अल्बम त्या गाण्यातून निघालाय. बँडचा गायक मार्क हॉलिस याला सिंथेसायझरचं प्रेम कधीच नव्हतं. सुरुवातीला एवढे वादक बोलावणं परवडत नव्हतं, इतकंच. 'कलर ऑफ स्प्रिंग' चांगला खपला, तेव्हा कुठे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने हात सैल सोडला. त्यामुळे 'हिट गाण्यांकडे पाठ फिरवली' हे जे सगळे म्हणतात ते मला अर्धवट वाटतं. हिट गाण्यांच्या जिवावरच हे जमलं. (कंपनीला मात्र अल्बम पचला नाही, प्रकरण कोर्टात गेलं.)

खरी गंमत रेकॉर्डिंगची आहे. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत जवळजवळ अंधार करून एकेक वादक तासन् तास सुचेल ते वाजवायचा. हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन त्यातलं बहुतेक सगळं टाकून द्यायचे आणि उरलेले तुकडे जोडायचे. ऐकताना वाटतं सगळे एका खोलीत बसून वाजवतायत. तसं ते नव्हतंच.

म्हणून यात कडवं-धृपद शोधू नका. पहिली तीन गाणी सलग आहेत, शफल बंद करा. 'द रेनबो'मध्ये जो करकरीत आवाज तुम्हाला इलेक्ट्रिक गिटार वाटेल तो मार्क फेल्थमचा माउथ ऑर्गन आहे. 'डिझायर' सुरुवातीला इतकं हळू आहे की आवाज वाढवावासा वाटतो. वाढवू नका, पुढे ली हॅरिसचे ड्रम कानठळ्या बसवतात.

एवढं करूनही नाही रुचलं तर 'लाफिंग स्टॉक'च्या (१९९१) वाटेला आत्ताच जाऊ नका. तो आणखी आडमुठा आहे. त्यातलं 'असेन्शन डे' तर ऐन भरात, कुणीतरी टेप कापावी तसं तुटतं. माझा सर्वात आवडता अल्बम तोच, पण नव्या माणसाच्या हातात मी तो आधी देणार नाही.