फिटनेसचा कागद आणि सकाळची मिश्री

प्रश्न : माझं वय 47, वजन 74 किलो, उंची पाच फूट एक इंच. दोन्ही बाळंतपणं सिझेरियननं झाली, तेव्हापासून पोटाची कातडी लोंबते. वीस वर्षं पदर सावरण्यात गेली. मुलीचं लग्न माघात ठरलंय, त्याआधी टमी टक, म्हणजे पोटाची लोंबती कातडी कापून काढायचं ऑपरेशन, करून घ्यायचं मनात आहे. कोल्हापुरातले सर्जन तयार आहेत, पैसे मी स्वतः साठवलेत. पण सर्जन म्हणतात, आधी फिजिशियनकडून फिटनेसचं सर्टिफिकेट आणा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर शुगरचं एचबीएवनसी 9.1 आणि हिमोग्लोबिन 9.8 निघालं. त्यांनी सही करायला चक्क नकार दिला. मिस्टरांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते लिहून द्यायला तयार आहेत. माझ्या नणंदेचं पित्ताशयाचं ऑपरेशन शुगर 300 असताना दोन दिवसांत झालं, तिला कुणी अडवलं नाही. मग मलाच का? शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. सकाळी जरा मिश्री लावते, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. बाकी काही त्रास नाही. नाव छापू नका.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा शुगरवर अडले, दुसऱ्यांदा मिश्रीवर. तिथूनच सुरुवात करते.

मी बत्तीस वर्षं भूल दिली, त्यातली बरीचशी तुमच्याच भागात. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बायका ‘अगंबाई, छे!’ म्हणायच्या. त्या खोटं बोलत नसत. त्यांच्या हिशेबी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, दात घासायची गोष्ट. चार-पाच वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी प्रश्नच बदलला : ‘सकाळी दाताला काय लावता?’ मग खरं उत्तर यायला लागलं. एका आजींनी तर पिशवीतून डबीच काढून दाखवली.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात उतरतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. एरवी हे तुम्हाला जाणवणारही नाही. टमी टकमध्ये मात्र खालच्या पोटापासून थेट बरगड्यांपर्यंत कातडी आणि चरबी स्नायूंवरून सोडवतात, खाली ओढतात, जास्तीची कापतात आणि ओटीपोटावर आडवी शिवतात. सोडवताना त्या कातडीला खालून रक्त देणाऱ्या शिरा तुटतात. उरतं ते बाजूंनी येणारं रक्त. पाटाचं पाणी पुढच्या सऱ्या पितात आणि शेवटच्या सरीला ओल पोचेपर्यंत पाळी संपते, तसं या कातडीचं होतं. टाक्यांच्या मधोमधचा भाग ही ती शेवटची सरी. तिथं निकोटिननं वाहिन्या आवळल्या की कातडी आधी जांभळी पडते, मग काळी. पुढे महिना-दोन महिने ड्रेसिंग आणि कधी कधी पुन्हा ऑपरेशन. तुमचे सिझेरियनचे टाके आडवे असतील तर ते बहुतेक कापायच्या कातडीबरोबरच जातील, त्यांची फारशी काळजी नाही. उभे असतील तर सर्जनला विचारा.

तेव्हा मिश्री किमान चार आठवडे आधी बंद आणि जखम भरेपर्यंत बंदच. ‘आदल्या दिवशी सोडते’ हे चालत नाही. सोडताना डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोटही साफ होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मिश्रीऐवजी निकोटिनचा गम चघळायचा विचार असेल तर तो सर्जनला विचारल्याशिवाय नको. तेही निकोटिनच आहे.

आता शुगर. तुमच्या डॉक्टरांनी सही केली नाही म्हणून तुम्हाला राग आलाय, मला मात्र ते आवडले. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे आठ दिवस भात सोडून ते खाली येत नाही. 9.1 म्हणजे शुगर बऱ्याच दिवसांपासून हाताबाहेर आहे. अशा रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, जखम उशिरा भरते, पू होण्याची शक्यता वाढते. टमी टकची जखम एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत असते, ती उसवली तर काय, याची कल्पना करा. मी असते तर आठच्या वर असताना टेबलावर घेतलंच नसतं, आणि साडेसातच्या आत आणा असा हट्ट धरला असता. तुमचं हिमोग्लोबिनही कमी आहे. लोह कमी असलं की एचबीएवनसी कधी कधी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसतं, म्हणून ग्लुकोमीटरवर रोजचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन का कमी आहे तेही शोधायला हवं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळीत जास्त जातंय का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बायका लिहीत नाहीत म्हणून विचारते.

तुमच्या नणंदेचं सांगते. पित्ताशय सुजून तिथं पू झाला असेल तर थांबण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो. मग इन्शुलिनची ड्रिप लावून, रात्रभर जागून आम्ही ते करतो. तुमच्या पोटाच्या कातडीला असली घाई नाही. सहा महिने थांबल्यानं ती बिघडत नाही. हा तुमचा फायदा आहे आणि तो तुम्ही नणंदेकडे बघून सोडून देताय.

आता ‘ओळखीचे डॉक्टर’. ‘फिट फॉर सर्जरी’ असे तीन शब्द, खाली सही आणि शिक्का, अशा चिठ्ठ्या मी ढिगानं पाहिल्यात. एकीवर तर बीपीचा आकडाही नव्हता. बाईंचं बीपी घेतलं तर 190 निघालं. मी ऑपरेशन पुढे ढकललं, तर त्यांचे मिस्टर माझ्यावरच चिडले : ‘फिटनेस दिलाय ना? मग तुमचं काय जातंय?’ माझं काय जाणार होतं? जायचं ते त्यांच्या बायकोचं होतं. खऱ्या फिटनेसमध्ये कुठला आजार किती आटोक्यात आहे, कुठली गोळी कधी थांबवायची, कुठली अजिबात थांबवायची नाही आणि कुठल्या गोष्टीवर नजर ठेवायची, हे लिहिलेलं असतं. तो निरोप भूल देणाऱ्यासाठी असतो. तुम्ही बेशुद्ध असताना तुमच्या वतीनं तो कागदच बोलतो. त्यात खोटं लिहून घेतलं, तर फसतो भूलतज्ज्ञ आणि भोगता तुम्ही.

‘सर्जन एवढे नावाजलेले, मग दुसऱ्या डॉक्टरची सही कशाला?’ असंही कुणीतरी म्हणेल. अमेरिकेत डोंडा वेस्ट नावाच्या बाई होत्या, शिकागोत इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. गायक कान्ये वेस्टच्या आई म्हणून जग त्यांना ओळखतं. 2007 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, पोट आणि स्तनांच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार निघाला. तो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक गोष्टी मिळून मृत्यू झाला, अशी नोंद झाली. त्याआधी त्या एका वेगळ्या सर्जनकडे गेल्या होत्या. त्यानं फिजिशियनकडून तपासून या, मगच हात लावीन, असं सांगितलं होतं. पुढे 2009 मध्ये कॅलिफोर्नियानं त्यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा केला : हौसेच्या कॉस्मेटिक ऑपरेशनआधी शारीरिक तपासणी आणि लेखी फिटनेस हवाच. तुमच्या कोल्हापूरच्या सर्जननी कायद्याच्या धाकाशिवाय तेच सांगितलंय. त्यांना सोडू नका.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल दोन ओळी. ही गोळी ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. नाहीतर उपाशी पोटी रक्तात आम्ल वाढतं आणि शुगर मात्र जवळपास ठीक दिसते, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. पण स्वतःहून थांबवू नका, त्या तीन दिवसांत तिच्याऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. वजन उतरवण्याच्या आठवड्याच्या इंजेक्शनांचा सध्या बोलबाला आहे. तुम्ही एखादं घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि उपाशी राहूनही जठरात अन्न उरतं.

आणखी एक आपल्याकडची खास सवय. लग्नात पाळी नको म्हणून पुढे ढकलायच्या गोळ्या. टमी टकनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका इतर कॉस्मेटिक ऑपरेशनांपेक्षा जास्त असतो, तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 31 च्या जवळ, म्हणजे जास्त आहे, त्यात या गोळ्यांची भर नको. काढे, लसणाच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी मैत्रिणीनं दिलेली पुडी, सगळं एका पिशवीत भरून घेऊन जा. पिशवी टेबलावर ओतलेली मला फार आवडायची, विचारत बसावं लागायचं नाही.

भूलतज्ज्ञ तुम्हाला तोंड उघडायला लावतील, हलणारे दात बघतील, दोन जिने न थांबता चढता का विचारतील. घोरता का, हे मिस्टरांना विचारा, तुम्हाला माहीत नसणार. आणि उपाशी म्हणजे उपाशी. दुधाचा चहा हा आमच्या लेखी जेवणच, त्याला सहा तास हवेत. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

माघाचं म्हणाल तर ते विसरा. आजपासून मिश्री सोडली, शुगर नीट आणली, लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी तीन महिने जातील. ऑपरेशननंतर पंधरा दिवस कमरेत वाकून चालावं लागतं, सहा आठवडे जड उचलता येत नाही आणि पोटाला घट्ट पट्टा. नवरीच्या आईनं मांडवात असं फिरायचं? लग्न होऊ द्या. उन्हाळ्यात तो पट्टा घामानं नकोसा होतो, म्हणून मी पावसाळा सुचवेन. तोवर वजन पाच-सहा किलो उतरलं तर टाकेही सुखानं भरतील. आणि कॉस्मेटिक ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, तेव्हा साठवलेल्या पैशांतले थोडे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : मी 27 वर्षांचा, केस विरळ झालेत. हेअर ट्रान्सप्लांटसाठी एका डॉक्टरांनी ईसीजी, रक्ततपासणी सांगितली, बीपी 150/96 निघालं म्हणून थांबवलं. दुसऱ्या सेंटरवाले म्हणतात तपासणीची गरज नाही, लोकल भूल आहे, रविवारी या, पंधरा हजार कमी करू. तिथं सगळं टेक्निशियन करतात. जाऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नको जाऊस. तुला ‘अरे-तुरे’ करते, माझा नातू जरा लहान आहे एवढंच.

लोकल भूल म्हणजे लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, त्यात अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं. सहा-आठ तासांच्या कामात ते पुन्हा पुन्हा टोचतात. वजनाच्या हिशेबानं त्याची एक हद्द असते. ती ओलांडली तर ओठ बधिर होतात, कानात घुमतं, पुढे झटके आणि हृदयाचे ठोके अनियमित. अ‍ॅड्रिनलिननं नाडी आणि बीपी वाढतं, तुझं आधीच वाढलेलं आहे. अशा वेळी खोलीत डॉक्टर हवा आणि त्याला काय करायचं ते येत हवं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे असल्या शस्त्रक्रियांचं पुरेसं प्रशिक्षण नव्हे.

सत्ताविसाव्या वर्षी 150/96 हा आकडा केसांपेक्षा महत्त्वाचा आहे. आठवडाभर घरी बसून, शांतपणे, सकाळ-संध्याकाळ मोज. जिमच्या आधी घ्यायची पावडर घेतोस का? त्या डब्यात कॅफिन किती, ते वाच. रात्रीची झोप? तंबाखू-सुपारीचा खर्रा? नागपूरचा आहेस म्हणून विचारते.

पहिल्या डॉक्टरांकडेच परत जा. आणि तारीख ठरली की येताना दुचाकी नको, नव्या मुळांवर हेल्मेट चढवायचं नसतं. मित्राला गाडी घेऊन यायला सांग.