वादळात वारा मागून आला

प्रश्न असा आला आहे: ‘हवामानाच्या अंदाजात “वादळी वाऱ्यासह पाऊस” असं म्हणतात. वादळ म्हणजेच जोराचा वारा, मग ही द्विरुक्ती नाही का?’

नाही. ती तशी वाटते, कारण वादळ म्हणजे ‘वात’ अधिक ‘दळ’, वाऱ्याचं सैन्य, अशी व्युत्पत्ती जो तो सांगत असतो. ऐकायला झकास आहे, पण चूक आहे.

मूळ शब्द वार्दल. त्यातला ‘वार्’ म्हणजे पाणी, ‘वारि’चा सख्खा भाऊ. संस्कृत कोशांत वार्दलचा अर्थ दिला आहे पावसाळी, कुंद दिवस. अमरकोश ढगांनी झाकलेल्या दिवसाला ‘दुर्दिन’ म्हणतो, तोच हा. वार्दलचं प्राकृतात वद्दल झालं आणि मराठीत वादळ. सर्प, सप्प, साप; कर्म, कम्म, काम; तीच ही वाट. वात-दळवाल्यांना माझा एकच सवाल आहे. स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा त किंवा द प्राकृतात टिकत नाही. शतचं शे झालं, पादचा पाय झाला. समास आहे म्हणून द वाचला म्हणाल, तर वद्दलमधला जोड द्द आला कुठून?

आता गंमत पाहा. हिंदीतला बादल हा याच वार्दलचा दुसरा मुलगा. वाघ-बाघ, वीस-बीस, वीज-बिजली, तसंच वादळ-बादल. ‘हिंदीने ढग हा मूळ अर्थ राखला आणि मराठीने तो बिघडवला’ हे मत मला अजिबात मान्य नाही. मूळ अर्थ ढग नव्हताच, बिघडलेली हवा हा होता. तो आपण सांभाळला. हिंदीने त्यातला फक्त ढग उचलला. मराठीला त्याची गरजही नव्हती, कारण साध्या ढगांसाठी ढग, आभाळ, मेघ हे शब्द होतेच. म्हणून वादळ दांडग्या हवेसाठी मोकळं राहिलं, असं माझं ठाम मत आहे.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. समुद्रात जरा हवेचा दाब उतरला की बातम्यांत ‘चक्रीवादळ’ सुरू! भारतीय हवामान विभागाच्या मोजमापात वारे ताशी ६२ किलोमीटरवर गेले की मगच चक्रीवादळ. नावही तेव्हाच मिळतं. त्याच्या आधी कमी दाबाचं क्षेत्र असतं. त्यालाही सरसकट ‘पट्टा’ म्हणतात! पट्टा लांबट असतो, क्षेत्र बंद वर्तुळासारखं. चक्रीवादळ जन्मतं ते क्षेत्रातून.

यातलं ‘चक्री’ आलं ‘सायक्लोन’वरून, आणि तो शब्द घडला आपल्याच कलकत्त्यात. तिथल्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज माजी जहाज-कप्तानाने बंगालच्या उपसागरातल्या जहाजांच्या नोंदी वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हा शब्द वापरला. ग्रीक ‘कुक्लोस’ म्हणजे वर्तुळ. त्याच्या मनात होतं सापाचं वेटोळं. मला ही उपमा ‘चक्री’पेक्षा कितीतरी नेमकी वाटते, कारण चक्राची धाव गोल असते, पण वेटोळं आत ओढतं. वादळातला वारा तसाच वळत वळत केंद्राकडे जातो.

याच पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहून बजावलं होतं, की कलकत्त्याच्या दक्षिणेला मातला नदीवर बंदर बांधू नका, एखादं वादळ समुद्र उचलून त्यावर घालेल. सरकारने बंदर बांधलंच, पोर्ट कॅनिंग. १८६७च्या वादळाने ते मोडून टाकलं. पिडिंग्टन नऊ वर्षांपूर्वीच वारला होता. ते बंदर वाऱ्याइतकंच पाण्याने बुडवलं, आणि वार्दलमधला ‘वार्’ म्हणजे पाणीच.

तेव्हा ‘वादळी वाऱ्यासह’ खुशाल लिहा.